तीन दिवसांचा नेम

मेलानियाचं पोट मी पाच महिन्यांत चार वेळा चोळलं आणि चारही वेळा तिला बरं वाटलं. सगळी गोम इथेच आहे. एकदा जरी माझा हात हरला असता, तरी ती वेळेवर इस्पितळात गेली असती.

आमच्या एस्तेली शहरात पोट चोळणाऱ्या बायका अजून सहा-सात आहेत. अन्न चिकटून बसलं, खालचं खाली सरकेना की लोक आधी आमच्याकडे येतात, मग औषधाच्या दुकानात, आणि अगदीच नाइलाज झाला तर इस्पितळात. मी कोमट तेलानं बेंबीभोवती गोल चोळते, मग पालथं निजवून कमरेवरची कातडी चिमटीत धरते आणि ओढते. कट्ट आवाज आला की सुटलं. हे मला मावशीनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, ती चोळायची आणि मी तेलाची वाटी धरून उभी असायचे. ती गेल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले, आणि मी नाही म्हटलं नाही.

तीन दिवसांचा नेम मात्र मावशीचा नाही. चोळल्यावर तीन दिवस जड उचलायचं नाही, गार पाण्यानं अंघोळ करायची नाही आणि पोटाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे मी घातलं. तेव्हा माझे केस काळे होते. लोक उठायचे, कपडे सारखे करायचे आणि चालू लागायचे, जणू शेजारणीकडे मीठ मागायला आले होते. नेम घातल्यापासून ते दारात थांबून, नावाआधी मानाचं दोन्या लावून विचारायला लागले, दोन्या लिओन्सिया, गार पाण्यात हात धुतलेले चालतील का? फुकटचं बरं होणं माणसाला पटत नाही. त्याला काहीतरी पाळायला द्यावं लागतं.

मेलानिया माझ्या मुलीची धर्ममाय. बाप्तिस्म्याला तिनं पोरीला हातावर घेतलं त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारलेली नाही. ती मला कोमाद्रे म्हणते, मी तिला. तिचं वय एकोणपन्नास. चिरुटाच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं वरचं पान चढवते. शेजारचा माणूस आतला गाभा दाबून देतो, ही त्याच्यावर पान गुंडाळते. तिनं गुंडाळलेल्या चिरुटावर सांधा शोधून दाखवा अशी पैज लागते. नवरा एलिहियो घोड्यावर बसणाऱ्यांचे बूट शिवतो. बोलतो कमी.

पहिला झटका जानेवारीत आला, रविवारी नाकातामाल खाऊन. केळीच्या पानात बांधून उकडलेलं मक्याचं पीठ आणि डुकराचं मांस कुणाच्याही पोटात बसतं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. ती दुमडून आली. कळ आली की टेबलाची कड धरायची, कळ गेली की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची. मी चोळलं. अर्ध्या तासात ती उठून बसली आणि कॉफी मागितली. तीन दिवस नेम पाळला. चौथ्या दिवशी कारखान्यानं धाडलं म्हणून इस्पितळात जाऊन सोनोग्राफी करून घेतली. काही निघालं नाही. आम्लपित्त म्हणाले, गोळ्या दिल्या.

मार्चमध्ये तेच. एप्रिलमध्ये तेच. मेमध्ये तेच. कळ, माझा हात, आराम, तीन दिवस, चौथ्या दिवशी यंत्राखाली स्वच्छ पोट. शेवटच्या वेळी तपासणारी म्हणाली, बाई, तुम्हाला ताण आहे. मेलानियानं हे कारखान्यात सांगितलं तेव्हा बाकावरच्या बायका म्हणाल्या, ताणानं पोट दुखत असतं तर मुकादम कधीच मेला असता. आणि यंत्राला जे दिसत नाही ते दोन्या लिओन्सियाच्या बोटांना दिसतं, असं त्या बाकावर ठरलं. त्या महिन्यात तिथून माझ्याकडे अकरा पोटं आली. मी एकीलाही म्हटलं नाही की अगं, तसं काही नाही.

तसं काही नव्हतंच असंही नाही. चिकटलेलं अन्न हाताला मळलेल्या पिठासारखं लागतं, दाबलं की पसरतं. मेलानियाच्या पोटात पहिल्याच वेळी मला दुसरं काही लागलं होतं. उजव्या बरगडीखाली आडवं, चार बोटं लांब, कणसासारखं. कळ आली की कडक व्हायचं, गेली की ढिलं. चोळता चोळता ते एकाएकी हाताखालून निसटायचं आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. आणखी एक. उजवीकडे खाली, मांडीच्या वर, जिथे पोट भरलेलं लागायला हवं, तिथे त्या वेळी बोटं आत जायची. खोलीतलं सामान कुणी हलवलंय तशी. मला ते विचित्र वाटलं होतं. पण बाई उठून कॉफी पीत असताना आपल्याला काय विचित्र वाटलं ते कोण सांगत बसतं?

जूनमध्ये एका मंगळवारी सकाळी सातला एलिहियो तिला धरून घेऊन आला. तिचा घागरा कमरेला दोन पिनांनी आवळलेला होता. मी दाराशीच ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, मेमध्ये एकच पिन होती. ओठ पांढरे. बाकावर निजवलं, तेल चुलीवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत कोरडा हात लावला.

कणीस तिथंच होतं, पण आता वीतभर. आणि आज ते ढिलं होत नव्हतं.

मी विचारलं, परसाकडे कसं होतं? तिनं एलिहियोकडे पाहिलं. तो अंगणात गेला. मग ती म्हणाली की दोन-तीन आठवडे काळपट-लाल पडतंय, बिटाचं सॅलड खाल्लं होतं म्हणून असेल.

"तीन आठवडे बीट खाते आहेस?"

तिनं पाय पोटाशी घेतले.

मावशीचा एक नियम होता, आणि तो खराखुरा होता. तान्हं मूल पाय पोटाशी घेऊन रडतं, मग थांबतं, मग पुन्हा रडतं, आणि लंगोटात लाल चिकट काही दिसतं, त्या मुलाला हात लावायचा नाही. आईला चप्पल घालू द्यायची नाही, तशीच इस्पितळात धाडायची. मूल मेलं तर तुझ्या हातात मरेल, असं ती म्हणायची. मोठ्या माणसाला तसं काही होतं हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिलाही माहीत नसावं. पण बाकावर पाय पोटाशी घेऊन पडलेली मेलानिया त्या क्षणी मला फार मोठं तान्हं मूल दिसली.

मी तेल चुलीवरून उतरवलं.

"कोमाद्रे, तेल कुठंय?"

"आज तेल नाही."

"संपलं?"

"आहे. लावायचं नाही. इस्पितळात चल."

"ते काय करतात तिथं? गोळी देतात." कळ आली, तिनं माझं मनगट पकडलं, गेली तरी सोडलं नाही. "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय का गं? नुसता हात फिरव."

खरं तर हात फिरवला असता तर ते कदाचित पुन्हा निसटलं असतं. मला अजूनही तसं वाटतं. एलिहियो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी त्याच्या बायकोचं पाणी तोडलंय. मी त्याच्या शर्टाच्या खिशातली पेन्सिल मागितली, चामड्यावर खुणा करायची, जिची रेघ धुतली तरी जात नाही. त्या पेन्सिलीनं मी मेलानियाच्या पोटावर त्या कणसाभोवती रेघ ओढली. खालच्या पोकळ जागेवर फुली मारली. एलिहियो बघत होता. खुणा कशाला करतात हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं टोपी घातली आणि टॅक्सी बघायला गेला.

इस्पितळात नंबर लागला तो एकेचाळिसावा. लाकडी बाकावर आम्ही तिघं बसलो. साडेनऊला कळा थांबल्या.

मेलानियानं पाय खाली सोडले, कपाळ पुसलं आणि म्हणाली, बघ, आपोआप गेलं, चल घरी, दुपारची पाळी तरी मिळेल. आयुष्यभर मी लोकांचं दुखणं जावं म्हणून हात चालवला आहे. कुणाचं दुखणं थांबलं म्हणून माझ्या अंगावर काटा त्या दिवशी पहिल्यांदा आला. हिला आता आत नेलं तर यंत्राखाली पुन्हा स्वच्छ पोट, पुन्हा गोळ्या, आणि तिसरी पिन. मी तिला म्हटलं, आलोच आहोत तर बसू. ती म्हणाली, कॉफी तरी आण. मी म्हटलं, नाही आणणार. ती एलिहियोला म्हणाली, हिला झालंय काय आज? एलिहियो म्हणाला, बस.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तो तिला बस म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. तिनंही बहुधा. ती बसली.

मी डोळे मिटून जे मागत होते ते कुठल्या संताकडे मागायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. सव्वादहाला तिनं माझी मांडी पकडली आणि तिच्या तोंडून कळेचा तो आवाज आला. मी देवाचे आभार मानले आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात डॉक्टर तालावेरा कागद बघत समोरून चालले होते. शस्त्रक्रिया करणारे. पोट चोळणाऱ्या बायका या शहराचं कसं वाटोळं करतात यावर ते दर पावसाळ्यात रेडिओवर बोलतात. त्यांची सासू त्यांच्या धाकट्या मुलीला माझ्याकडे मागच्या दारानं दोनदा घेऊन आली होती. हे त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगणारही नव्हते. दुसऱ्याच्या पोटाचं आपल्या पोटात ठेवायचं, एवढं तरी या धंद्यात पाळावं लागतं. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले.

"डॉक्टर, हिला आत्ता बघा. आत्ता दुखतंय. नंतर दिसणार नाही."

"तुम्ही कोण?"

"चोळणारी."

त्यांनी कागद खाली केला. "चोळलंत?"

"आज नाही. उजव्या बरगडीखाली वीतभर आहे, आडवं, कळेला कडक होतं. त्याच्या खाली जिथे भरलेलं असायला हवं तिथे पोकळ. तीन आठवडे रक्त पडतंय. खुणा केल्यात मी."

त्यांनी खाली वाकून मेलानियाच्या ब्लाउजची कड वर केली. चामड्याच्या पेन्सिलीची ती रेघ पाहून त्यांनी आपला हात बरोबर तिच्यावर ठेवला. मग फुलीवर.

"हाताला हे कधीपासून लागतंय तुमच्या?"

"जानेवारीपासून."

"आज जून आहे."

त्यांनी चाकाची खाट आणायला सांगितली.

या खेपेला यंत्राखाली दिसलं. मला दाखवलं त्यांनी, का ते माहीत नाही. कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसं गोल, गोलात गोल. मग सी.टी. केलं. दुपारी एकला त्यांनी मला आणि एलिहियोला भिंतीशी उभं करून सांगितलं. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे एक गाठ आहे. आतडं अन्न पुढे ढकलतं तसं ते या गाठीलाही अन्न समजून ढकलतं, आणि गाठीबरोबर आतड्याचीच भिंत आतड्यात ओढली जाते. बाहीत बाही. आत गेलेल्या भागाचं रक्त तुटत जातं. कधी आपोआप मागे येतं, मग दुखायचं थांबतं आणि तपासणीत काही दिसत नाही.

"अस्तर," एलिहियो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बुटाचं अस्तर. पाय घालताना आत गोळा होतं. लोक म्हणतात अस्तर वाईट. अस्तर आपणहून गोळा होत नाही, डॉक्टर. आत कुठे तरी खिळा वर आलेला असतो."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "तान्ह्या मुलांत खिळा नसतो बहुतेक वेळा. तिथे आम्ही हवेनं नाही तर पाण्यानं मागे ढकलतो, झालं. मोठ्या माणसात खिळा असतोच जवळजवळ. म्हणून मागे ढकलायचं नाही. आहे तसं, न सोडवता, सगळं कापून काढायचं आणि चांगली टोकं जोडायची."

मी विचारलं, मागे ढकललं तर काय होतं?

त्यांना कळलं मी काय विचारते आहे ते. ते म्हणाले, "गाठ साधी असेल तर काही नाही. साधी नसेल तर दाबल्यानं तिचे कण इकडेतिकडे जाऊ शकतात. आत फाटूही शकतं."

"चार वेळा."

"ते आत्ता नका मोजू," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

तीन तास लागले. एलिहियो खुर्चीत बसून आपल्या बुटाकडे बघत होता. चार वाजता डॉक्टर कापड झाकलेलं स्टीलचं तसराळं घेऊन बाहेर आले. आमच्याकडे काढलेलं नातेवाइकांना दाखवावंच लागतं. नाही दाखवलं तर शहरभर होतं की आत काही नव्हतंच. मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि लहानाचा वीतभर तुकडा, सगळं एकात एक, जांभळं. टोकं नीट जुळली, ते म्हणाले, पिशवी लावावी लागली नाही. एलिहियोनं मान हलवली आणि भिंतीकडे वळला.

मी हातमोजा मागितला. त्यांनी काही न विचारता दिला. मी बोटं ठेवली. कणीस. थंड होतं, तरी हातानं ओळखलं. आतल्या टोकाशी बाहेरून दाबल्यावर सुपारीएवढं काही कडक लागत होतं. चार वेळा मी या टोकाला आडूनच हात लावला होता, आणि दर वेळी ते गेलं म्हणून खूश झाले होते.

काढलेलं तपासणारा डॉक्टर आमच्याकडे नाही. ते राजधानीला न्यावं लागतं, आणि नेतात घरचे. एलिहियो तिच्या उशाशी होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी निघाले, मांडीवर झाकणाची पांढरी बादली, झाकणाला चिकटपट्टी. सेबाकोला चढलेली एक बाई शेजारी बसली आणि बादलीकडे बघत म्हणाली, ताजं चीज आहे ना, बाई? वासावरून कळेना. थोडं विकणार का? मी म्हटलं, दुसऱ्याचं आहे. ती म्हणाली, चांगलं असेल, इतकं सांभाळून नेताय ते. मानाग्वापर्यंत मी बादली मांडीवरून खाली ठेवली नाही.

निकाल तीन आठवड्यांनी यायचा होता. तेवढे दिवस मी कुणाच्या पोटाला हात लावला नाही. मनगट मुरगळलं म्हणून सांगितलं आणि फडकं बांधून फिरले. बायका स्वतःहून मनगट चोळून द्यायला यायच्या. मेलानिया सातव्या दिवशी घरी आली, पेज प्यायली, मग लाल घेवड्याचं पाणी, मग भात. मी रोज जायचे, तिचे केस विंचरायचे. ती मला म्हणायची, कोमाद्रे, तुझ्या हातानं मला वाचवलं. हे ती प्रत्येक येणाऱ्याला सांगायची, पेन्सिलीच्या रेघेसकट. मी केस विंचरत राहायचे.

निकाल एलिहियो घेऊन आला आणि आम्ही तिघांनी तो डॉक्टरांच्या समोर ऐकला. गाठ कर्करोगाची होती. आतड्याच्या भिंतीतच होती, भिंतीबाहेर पडलेली नव्हती. सोबत काढलेल्या सतरा लसिका ग्रंथी तपासल्या, सतराही स्वच्छ. सध्या आणखी औषध लागणार नाही, पण तपासायला वेळोवेळी यायचं. मेलानियानं विचारलं, पान गुंडाळायला कधीपासून बसू? मी काही विचारलं नाही. डॉक्टरच निघताना माझ्याकडे बघून म्हणाले की सतरा हा चांगला आकडा आहे. त्याहून जास्त त्यांनाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी तिच्या घरी आल्यावर, एलिहियो दुकान उघडायला गेल्यावर, मी तिला सांगितलं. चौथ्या दिवसापर्यंत पोटाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही हा नेम मावशीचा नाही, कुणाचाच नाही. मी मनानं घातलेला आहे. लोकांनी मला हलकं समजू नये म्हणून. त्याच्यामुळे यंत्र दर वेळी उशिरा आलं. आणि हाताला वेगळं लागत होतं ते मी पहिल्या दिवसापासून गिळलं.

"गार पाण्याचं पण?"

"ते पण."

"जानेवारीत मी पहाटे साडेचारला उठून पाणी तापवलं. तीन दिवस. गॅस संपला तर एलिहियोनं दुकानातली लाकडं आणली."

"हो."

"आणि जड उचलायचं नाही?"

"ते बरं असतं तसंही."

ती हसली नाही. पोटावर उशी दाबून धरली, टाक्यांना धक्का लागू नये म्हणून धरतात तशी, आणि म्हणाली, "आता घरी जा. तीन दिवस मला तोंड दाखवू नकोस. चौथ्या दिवशी ये."

मी गेले नाही तीन दिवस. गार पाण्यानं अंघोळ मात्र केली.

आता माझ्याकडे नेम वेगळा आहे. एकदा आलात, चोळते. तेच दुखणं दुसऱ्यांदा घेऊन आलात तर कोरडा हात लावते, काही लागलं तर पेन्सिलीनं खूण करते आणि आधी इस्पितळात धाडते, दुखत असतानाच. रक्त पडत असेल तर पहिल्यांदाच. चाळिशीच्या पुढच्याला तर मी तेल दाखवतही नाही. लोक कुरकुरतात, म्हणतात पूर्वीची दोन्या लिओन्सिया राहिली नाही, पण पाळतात. खूण तीन दिवस धुवायची नाही असं मी सांगून ठेवलंय. हेही मीच घातलंय. डॉक्टर तालावेरा रेडिओवर अजून बोलतात, फक्त इस्पितळात खूण असलेलं पोट आलं की त्याला रांगेत बसवत नाहीत.

तिनं सांगितलेल्या चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा मेलानिया अंगणात खुर्चीवर बसली होती. समोर दोन कप होते, एकावर बशी झाकलेली. तिनं ब्लाउज वर केला. बेंबीला वळसा घालून गेलेला व्रण अजून गुलाबी होता, पेन्सिलीची रेघ मात्र कधीच पुसली गेली होती.

"बघ," ती म्हणाली. "तेल न लावता."

मी हात कपावर ठेवून गरम केला आणि मग तिच्या पोटावर ठेवला. बरगडीखाली मऊ. बेंबीभोवती मऊ. फुलीच्या जागी, जिथलं आतडं आता काढलंय, बोटं अजूनही थोडी आत जात होती. मी हात तिथेच ठेवला, आणि या वेळी काय लागतंय ते तिला सांगितलं.